टाकी नंतर, आधी टायरचा हिशेब

त्र्यंबक-हरसूलकडच्या दगडी वाटांवर किंवा इगतपुरीच्या चिखलात उतरताना टायरमधला हवेचा दाब ३२ वरून १८ पीएसआयवर आणायला फार काही लागत नाही. पंचाईत परतताना होते. १८ वरच मुंबई-आग्रा हायवेला लागून ८०-९० चा वेग धरला, की साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) सारखी दुमडत राहते, तापते आणि आतून फाटायला लागते. बाहेरून काही कळत नाही. म्हणून डांबर लागायच्या आधी चारही टायर भरायचे, आणि त्यासाठी गाडीतच कॉम्प्रेसर बसवायचा. इथपर्यंत सगळे येतात. पुढे मात्र बहुतेक जण कॉम्प्रेसरला जोडायची हवेची टाकी किती लिटरची घ्यायची यावर अडकतात, तो प्रश्न खरं तर शेवटचा आहे.

आधी टायर मोजा. २५५/६५ आर १८ टायरच्या पोटात साधारण ६० लिटर जागा असते. १८ वरून ३२ म्हणजे १४ पीएसआय वाढवायचे. वातावरणाचा दाब १४.७, म्हणजे एका टायरला मोकळी हवा लागते ५७ लिटरच्या आसपास, चारांना २३० लिटर. आता ४ लिटरची टाकी घ्या. १५० पीएसआयपर्यंत भरलेली टाकी ४० पर्यंत उतरली, तर तिच्यातून सुमारे ३० लिटर हवा निघते. अर्ध्या टायरची! पुन्हा तीच टाकी भरायला कॉम्प्रेसर चालवावा लागतोच. टायर भरायला टाकीचा उपयोग जवळजवळ नाही. रिमवरून सुटलेली टायरची कड एका झटक्यात बसवायची असेल, एअर फिल्टर झटकायला एअर गन हवी असेल किंवा एअर लॉकर (एका अॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, हवेवर चालणारं लॉक) असतील, तेव्हा तिला अर्थ आहे. लॉकरचं म्हणाल, तर २०२० नंतरच्या तीन दारी थारचा मागचा लॉकर आणि गुरखाचे दोन्ही लॉकर मेकॅनिकल आहेत, त्यांचा हवेशी काही संबंध नाही.

कॉम्प्रेसर निवडताना डब्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा. तो शून्य दाबाचा असतो. एआरबी कंपनीचा ट्विन हा मोठा कॉम्प्रेसर शून्य दाबाला मिनिटाला सुमारे १७४ लिटर हवा देतो, २९ पीएसआयला मात्र १३० च्या आसपास. आपल्याला हाच दुसरा आकडा हवा. मिनिटाला ४५ लिटर देणारा छोटा कॉम्प्रेसर कागदावर चार टायर पाच-सहा मिनिटांत भरेल. नळी, चक (टायरच्या व्हॉल्व्हवर बसणारं नळीचं तोंड) आणि एका टायरवरून दुसऱ्यावर जाण्यातला वेळ धरला तर दहा-बारा धरा. महिन्यातून एकदा जाणाऱ्याला तेवढं पुष्कळ झालं. ड्युटी सायकलही बघा. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं चालव, वीस मिनिटं थांब. चार गाड्यांच्या ताफ्यात एकट्याकडेच कॉम्प्रेसर असेल आणि तो असला असेल, तर तिसऱ्या गाडीला तापून आपोआप बंद पडतो (थर्मल कट).

कॉम्प्रेसरऐवजी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर झटपट आणि शांत असतो. १ किलोतून ५०० लिटरच्या वर वायू मिळतो, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन वेळा चार टायर. पण ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये बंद गाडी किती तापते ते सांगायला नको, आणि सिलिंडरमधला दाब त्या मानाने चढतो. शिवाय रिफिल शोधत फिरा. जुना एसी कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर लावायचा जुगाड जुन्या जीपमध्ये जमतो. हवा भरपूर मिळते, पण बऱ्याच एसी कॉम्प्रेसरना तेल गॅसबरोबरच फिरून मिळतं. हवेवर चालवले की ते तेल हवेबरोबर बाहेर पडतं आणि कॉम्प्रेसर कोरडा होऊन जाम होतो. नव्या बीएस-६ गाडीत या वाटेला जाऊ नका.

आता वायरिंग. निम्मी बसवणी इथेच बिघडते. ट्विन जवळपास ५० अँपिअर ओढतो. बॅटरीपासून ४ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर, ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर एक व्होल्टहून जास्त वायरमध्येच जातो. मोटर हळू फिरते, तापते, आणि दोष कॉम्प्रेसरला मिळतो. १६ स्क्वेअर एमएम घेतली तर हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर हातात हलकी लागते. लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) नीट दाबून क्रिंप केलेला हवा, नुसता सोल्डर नको. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज वायर वाचवायला असतो, कॉम्प्रेसरपाशी लावलेला फ्यूज मधली सगळी वायर उघडी टाकतो. बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असलेल्या गाडीत अर्थ थेट बॅटरीच्या खांबाला न देता चासीच्या अर्थ पॉइंटला द्या, नाहीतर सेन्सरचं गणित चुकतं. हवा भरताना इंजिन चालू ठेवा, १२००-१५०० आरपीएमवर.

जागा बॉनेटखाली सोपी वाटते, पण तिथे उष्णता आहे. सीटखाली किंवा मागच्या बाजूच्या पॅनेलमध्ये बसवलेला जास्त टिकतो. ओढ्यातून जाणारी गाडी असेल तर इनटेक फिल्टर नळी लावून उंचावर न्या. ३ मिमीची पट्टी, खाली रबर, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला). साधा नट दगडी वाटेवर दोन-तीन फेऱ्यांत ढिला होतो.

फिटिंगमध्ये एक सापळा आहे. बाहेरच्या कॉम्प्रेसरवर अनेकदा पाव इंची एनपीटी (अमेरिकी मापाचे) आटे असतात आणि आपल्याकडच्या दुकानात मिळतं ते बहुधा बीएसपी (ब्रिटिश मापाचं). एनपीटीला इंचात १८ आटे, बीएसपीला १९. दोन-तीन आटे मजेत बसतात, मग अडतं. पान्याने ताकद लावली की आटे जातात, आणि वर कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळा, हवा गळतेच. सातपूर-अंबडच्या एमआयडीसी भागात न्यूमॅटिकचं सामान मिळतं. जाताना कॉम्प्रेसरचं फिटिंग काढून हातात घेऊन जा, तोंडी माप सांगू नका. कॉम्प्रेसरच्या हेडमधून निघणारी पहिली अर्धा मीटर नळी टेफ्लॉनची, वर स्टीलची जाळी असलेली हवी. निळी पीयू (पॉलियुरेथेन) नळी तिथे मऊ पडून निसटते. पुढे चालेल.

टाकी बसवलीच तर तिच्या आधी चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा. नसेल तर कॉम्प्रेसर प्रत्येक वेळी भरल्या दाबाविरुद्ध सुरू होतो आणि फ्यूज उडतो. १७५ पीएसआयचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि सगळ्यात खालच्या बिंदूला ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) हवाच. पावसाळ्यात दर फेरीनंतर तो उघडा, तांबूस पाणी निघेल.

शेवटी टाकीत १०० पीएसआय भरा, मेन स्विच बंद करा आणि अर्धा तास थांबा. गरम हवा निवताना काटा थोडा उतरतो, ती गळती नव्हे. तेव्हाचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी बघा. दहाहून जास्त उतरला असेल तर साबणाचं पाणी आधी क्विक कपलरवर (नळी झटकन जोडायच्या सांध्यावर) लावा, त्यातली रबरी रिंग सगळ्यात आधी जाते. तिथे फुगे नसतील तर चेक व्हॉल्व्ह.