एकच खाडी, तीन संपादक

या हंगामातल्या लेखनाची नोंद लिहायला उशीर झालाय, कारण मार्चअखेर. पतपेढीत नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मागची नोंद ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: मी कोपरीत राहते, नोकरी सांभाळून लिहिते, आणि गेल्या पावसाळ्यापासून ठाण्याची खाडी सोडून दुसऱ्या विषयाला हात लावायचा नाही असं ठरवलंय. "त्याच त्या चिखलावर किती लिहिणार?" असं घरात विचारून झालं. अजून तरी चिखल संपलेला नाही.

यामागचा हिशेब सरळ आहे. आपण हौशी मंडळी आज आजीच्या हातची पुरणपोळी, उद्या नर्मदा परिक्रमा, परवा नाचणीचे फायदे असं लिहीत सुटतो. दरवेळी माहिती शून्यापासून जमवायची आणि संपादकाच्या डोक्यात नाव मात्र कशाशीच जोडलं जात नाही. एकच मुलूख धरला की जमवलेलं वाया जात नाही. एका लेखात न मावलेलं दुसऱ्याला कामी येतं. आणि फ्लेमिंगोंची बातमी आली की उपसंपादकाला आपली आठवण होते. ही शेवटची गोष्ट मला आधी खरी वाटत नव्हती. या हंगामात फोन आला, तेव्हा वाटली.

तर खाडीच्या एकाच वहीतून या हंगामात तीन लेख निघाले, तीन वेगळ्या ठिकाणांसाठी. त्यातून शिकायला मिळालं ते जरा सविस्तर लिहिते.

पहिला लेख एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीसाठी. सातशे शब्द, वर एक चौकट. पुरवणीवाल्यांचा पहिला प्रश्न "आत्ताच का?" हाच असतो. खाडी सुंदर आहे हे उत्तर चालत नाही. माझ्याकडे उत्तर होतं ते पक्ष्यांच्या वेळापत्रकाचं. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मेअखेर पांगतात, म्हणजे हिवाळा सरता सरता लेख छापला तर वाचक पुढच्याच शनिवारी खाडीकाठच्या ऐरोलीला जाऊन पाहू शकतो. चौकटीत कोरडी माहिती: २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरच्या आसपास. ही आकडेवारी मुख्य मजकुरात नको, चौकटीतच हवी, हे मी गेल्या तीन वर्षांच्या पुरवण्या काढून बसले तेव्हा ध्यानात आलं. त्या पानावर मुख्य लेखात साल क्वचितच येतं. येतात ती माणसं.

दुसरा लेख मुलांच्या मासिकासाठी, आणि खरी कसोटी तिथे लागली. विषय घेतला निवटी या चिखलातल्या माशाचा. कोळीवाड्यात वाढलेल्यांना निवटी माहीत असते ती ताटातली. ओहोटीला चिखलावर तुरुतुरु सरकणारा, मध्येच उडी मारणारा, डोळे डोक्यावर बसवल्यासारखे असणारा हा मासा पाण्याबाहेर जगतो कसा? कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून कातडी सुकू देत नाही, अधूनमधून डबक्यात लोळून घेतो. हे दहा वर्षांच्या पोराला सांगायचं तर "अनुकूलन" हा शब्द खिशातच ठेवावा लागतो. मी ठेवला.

तिवरांवरचा एक परिच्छेद तर मी किती वेळा लिहिला ते विचारू नका. आधीचं वाक्य असं होतं: "खाडीकिनारी मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या तिवर या वनस्पतीमध्ये क्षार उत्सर्जित करण्याची वैशिष्ट्यपूर्ण क्षमता दिसून येते." यात झाड कुठे आहे? फक्त क्षमता दिसून येते. शेवटी उरलं ते हे: "तिवराचं पान तोडा आणि जिभेला लावा. खारट लागेल. मुळांनी घेतलेलं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं." मला हे फार आवडलं होतं. संपादकबाईंनी फोन करून "जिभेला लावा"च्या जागी "बोट फिरवून पाहा" केलं. म्हणाल्या, "अहो, पोरं वाचतात तसं करतात, आणि तुमच्या खाडीत कारखान्यांचं सांडपाणी येतं. आणि तोडा कशाला? झाडावरच पाहू दे की." दोन्ही मुद्दे पटले. बाकी परिच्छेदाला त्यांनी हात लावला नाही, याचा आनंद मी दोन दिवस पुरवून खाल्ला.

मुलांसाठी लिहिणं म्हणजे मोठ्यांच्या लिखाणाची पायरी असं समजणाऱ्यांनी बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक चाळावेत. १९७१ पासून निघणारं मासिक आहे, आणि मराठीतल्या नामवंतांनी तिथे जीव ओतून लिहिलंय. दोनशे शब्दांत एक गोष्ट नीट समजावून देणं दोन हजारांपेक्षा अवघड जातं.

तिसरा लेख दिवाळी अंकासाठी. तो अजून माझ्याकडेच आहे, पण सांगण्यासारखं जास्त त्यातच आहे. दिवा कोळीवाड्यातल्या एका काकांना मी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याबद्दल विचारत होते. ते हसले. "कागद कशाला? तिथीची पाऊणपट कर." कोकणातल्यांना हे ठाऊक असेल, मी घाटावरची, मला नवं होतं. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्रामुळे भरती रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्तच पुढे सरकते, म्हणून हे गणित जवळपास जुळतं. खाडीत आत पाणी पोहोचायला वेळ लागतो तेवढी ठाण्याकडे भर घालायची. पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती ते उधाण, अष्टमीच्या आसपासची लहान भरती तो भांग. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो दाखवायला बोटी सुटतात त्यांच्या वेळाही भरतीवरच ठरतात. म्हणजे आयटीवाल्यांची शनिवारची सहल पंचांगावर चालते आणि त्यांना पत्ता नसतो.

एवढा एक धागा हाती आला आणि दिवाळी अंकाचा लेख उभा राहिला. पुरवणीत तो मावला नसता, मुलांच्या मासिकात पंचांगापासून सुरुवात करावी लागली असती. साहित्य तेच, पण जागा बदलली की लेखाचा कणाच बदलतो. उरलेलं खरवडून दुसरीकडे पाठवण्याला मी पुनर्वापर म्हणणार नाही, तो आळस झाला.

दिवाळी अंकांबद्दल थोडं, कारण नव्यांचे प्रश्न तिथेच अडकतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि अंक आजही जाहिरातींवर उभे असतात. पानं किती, हे जाहिराती ठरवतात. म्हणून गणपती झाल्यावर लेख पाठवणाऱ्याला "छान आहे, पुढच्या वर्षी पाहू" हेच उत्तर मिळणार. बहुतेकांची जुळवाजुळव उन्हाळ्यात सुरू होते, जून-जुलैपर्यंत मजकूर हातात हवा असतो. दोन ओळींचं टिपण मेमध्ये जावं, लेख नंतर. आणि कुठल्या अंकाला काय चालतं हे पाहायचं तर विकत घेत बसू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भावे यांच्यासारख्या माणसाचा त्याच्या स्थापनेत हात होता. मी शनिवारी दुपारी जाते, जुने अंक मागते आणि आधी फक्त अनुक्रमणिका वाचते. ललित किती, परिसंवाद किती, अनोळखी नावं किती. अनोळखी नावं एकही नसतील तर तो अंक निमंत्रितांचा, तिथे टपालखर्च करू नये. असतील तर त्या अनोळखी माणसाचा लेख वाचायचा, मान्यवरांचा नाही. दार कुठे किलकिलं आहे ते त्यातून कळतं.

कारागिरीपुरतं या हंगामात सगळ्यात जास्त शिकवलं ते एका फुकटच्या उद्योगाने. छापून आलेला लेख आणि आपण पाठवलेला मसुदा शेजारी ठेवायचा आणि लाल पेनाने फरक मारायचा. पुरवणीतल्या लेखाचा माझा पहिला परिच्छेद, पहाटेचं धुकं वगैरे, अख्खा उडाला होता. तिसऱ्या परिच्छेदातली बोटवाल्याची ओळ वर आली होती. "करण्यात आले", "दिसून येते" जिथे जिथे होतं तिथे कात्री लागली होती. विशेषणांना मात्र फारसा धक्का नव्हता, जे मला अनपेक्षित होतं. दोन उदाहरणं दिली होती त्यातलं दुसरं गेलं होतं, दरवेळी. आता दुसरं उदाहरण मीच काढते.

शुद्धलेखनावर भांडण नको, पण साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठराच आहेत, चौदा १९६२चे आणि चार १९७२चे. एका बैठकीत वाचून होतात. मजकूर युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फाँटमधून बदलून घेतलेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरं कुठे जाऊन बसतात ते पाहिलंय, मुद्रितशोधकाचे शाप लागतात.

आता पैसे आणि हक्क. एका अंकाने गेल्या वर्षीचं मानधन अजून दिलेलं नाही. पाठपुरावा चालू आहे, नाव लिहीत नाही. दुसऱ्या एकाने स्वीकृतीच्या मेसेजमध्येच "लेखाचे सर्व हक्क आमच्याकडे" असं घातलं होतं. आपल्याकडचा १९५७चा कॉपीराइट कायदा, कलम १९, एवढं तरी प्रत्येकाने वाचावं. हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. मी आता लेखासोबतच्या पत्रात शेवटी एक ओळ घालते: "हा लेख आपल्या छापील अंकात एकदा प्रसिद्ध करण्यासाठी देत आहे, अन्य हक्क लेखिकेकडे." कुणी रागावलं नाही. त्या मेसेजवाल्यांनीही "चालेल" एवढंच लिहिलं.

पुढे काय? दिवाळी अंकाचा लेख मोठ्याने वाचून पाहते आहे, पौर्णिमेच्या गणितापाशी जीभ अडते, तिथे अजून एक आकडा काढावा लागेल. त्यानंतर मिठागरं. कोपरीच्या बाजूला मिठागरांवर राबलेली म्हातारी माणसं अजून भेटतात, आणि १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचा, खंड संग्रहालयात मागून ठेवलाय. आधी माणसांशी बोलणार, गॅझेटियर नंतर उघडणार. तीन जागा आताच हेरून ठेवल्यात. त्यातली एक आकाशवाणीची आहे. श्राव्य संहिता कधी लिहिली नाही, त्यामुळे पुढच्या नोंदीत बहुतेक वाक्यांच्या लांबीवरच बोलणं होईल.