वेबसाईटवर आलेला माणूस परत यावा म्हणून काय केलं – माझा अनुभव

आमची केळी रावेर तालुक्यात, आणि बागेच्या जोडीला मी केळीच्या भावाची आणि माहितीची एक छोटी वेबसाईट चालवतो. गुगलवरून लोक यायचे, हरण्या (केळीवरचा विषाणूचा रोग) यावर उपाय काय असं शोधत, लेख वाचायचे आणि गेले की गेले. ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साईटवर किती लोक आले ते मोजणाऱ्या सोयीत, नवे आणि परत आलेले असे वेगवेगळे आकडे दिसतात, त्यातला दुसरा हलायचाच नाही. (हा आकडा पण तंतोतंत धरू नका बरं, आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये साईटच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी, म्हणजे आधी आलेल्याला ओळखायची खूण, ७ दिवसांनी उडते, म्हणजे मध्ये आठवडा गेला की जुनाच माणूस नवा मोजला जातो.)

मग बघितलं की आपल्याकडचा शेतकरी रोज फोन कशासाठी करतो? भावासाठी. बऱ्हाणपूरच्या लिलावात काय निघालं, नवतीला (नव्या लागवडीच्या केळीला) किती, पिलबागला (आधीच्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या केळीला) किती, हे कळल्याशिवाय ज्याची कापणी तोंडावर आलीय त्याला चैन नाही. रोगाची माहिती रोग आला की लागते, भाव रोज लागतो. म्हणून भाव पहिल्याच पानावर सगळ्यात वर घेतला, मोठ्या अक्षरात, शेजारी कालचा भाव, खाली तारीख आणि वेळ. आणि वेळ ठरवून टाकली, ती चुकवायची नाही म्हणजे नाही, लिलाव बंद असला तरी "आज लिलाव नाही" एवढं तरी त्याच वेळेला टाकायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडला, कारण एकदा लोकांना वेळ पाठ झाली की ते गुगलवर न शोधता सरळ येतात. थोडा उशीर झाला तर फोन येतो, "काय भो, आज भाव नाही का टाकला?" मला तर असा फोन आला की लय बरं वाटतं.

लेखांचं पण जरा बदललं. हरण्या पसरवतो मावा, म्हणून त्या लेखाखाली लगेच माव्याचा लेख, आणि बागेत काकडी, भोपळा, कारलं का लावू नये त्याचा. फोटो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये करून हलके केले, शेतात रेंज किती असते ते आपल्याला माहितीच आहे, पान गोलगोल फिरत बसलं तर कोण थांबणार.

नोटिफिकेशनचं मात्र नीट समजून घ्या. साईट उघडल्या उघडल्या परवानगीची चौकट समोर आली की लोक वाचत नाहीत, सरळ ब्लॉक दाबतात, आणि एकदा ब्लॉक झालं की त्याने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बदलल्याशिवाय आपल्याला परत विचारता येत नाही. म्हणून मी भावाच्या खाली बटण दिलं, "उद्याचा भाव मोबाईलवर पाहिजे?", ते दाबलं तरच चौकट येते. ज्याने दाबलं त्याला खरंच पाहिजे असतं. दिवसाला एकच नोटिफिकेशन, आणि भाव त्यातच लिहिलेला. एका मित्राचं म्हणणं होतं, भाव तिथंच दिला तर साईट उघडेल कोण? पण अर्धवट लिहून माणसाला आत ओढायचं मला पटत नाही, आणि ज्याला महिन्याभराचा चढउतार बघायचाय तो येतोच. आयफोनवाल्यांना आधी साईट होम स्क्रीनवर ॲड करावी लागते, त्याशिवाय नोटिफिकेशन जात नाही, ही सोय पण २०२३ मध्ये आयओएस १६.४ पासूनच आली.

व्हॉट्सॲपच्या गावच्या ग्रुपमध्ये लोक लिंक कमी आणि स्क्रीनशॉट जास्त टाकतात, म्हणून भावाच्या चौकटीतच साईटचं नाव टाकलंय. आता जूनच्या वादळाआधी वाऱ्याचा अंदाज पण त्याच पानावर द्यायचाय, घड लागलेली बाग आडवी होते तेव्हा काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको.