पार्टीच्या आवारातली कबर

बीजिंगमध्ये मी दोन वर्षं होतो, २०१७ ते २०१९. कारखान्यात मशीन बसवून द्यायचं काम. भिंत पाहिली, राजवाडा पाहिला, फोटोही भरपूर काढले. पण मनात घर करून राहिली ती एक कबर.

मात्तेओ रिची या जेझुइट (कॅथलिकांमधला एक पंथ) इटालियन पाद्र्याची ही कबर आहे कुठे, तर कम्युनिस्ट पक्षाच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या आवारात! देव मानायचा नाही हे जिथे शिकवतात, तिथेच. आमच्या अकाउंट्समधल्या बाईंनी फोनाफोनी करून परवानगी मिळवली आणि सोबतही आल्या. दगडाच्या माथ्यावर ड्रॅगन कोरलेले, खाली लॅटिन आणि चिनी असा दोन्ही मजकूर. १६१० मध्ये रिची वारले तेव्हा वानली बादशहाने जागा दिली. १९०० मध्ये परकीयांविरुद्ध झालेल्या बॉक्सर बंडात कबरी उद्ध्वस्त झाल्या. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत दगड जमिनीत पुरले गेले, म्हणून वाचले.

(चीनला जाण्याआधी रिची गोव्यात होते. क्रिस्तपुराणवाले फादर स्टीफन्सही १५७९ ला गोव्यात उतरले. दोघांची भेट झाली असेल का, हा किडा माझ्या डोक्यातून अजून जात नाही.)

परत येताना मी बाईंना विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन का?"

"छे, मी कुठलीच नाही. आजी आहे. पण ख्रिश्चन नव्हे, थिएनचूचियाव."

म्हणजे 'स्वर्गाच्या स्वामीचा धर्म', कॅथलिक. चीनमध्ये सरकारमान्य धर्म पाच: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. शेवटचे दोन तिथे एकाच झाडाच्या फांद्या मानत नाहीत, धर्मच वेगळे. बाईंची आजी हबेई प्रांतातल्या खेड्यात राहायची. तेव्हा वय ८६.

आजीच्या लहानपणी घरात पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी होती. ती धान्याच्या रांजणात लपवलेली असायची. लपवायची कोणापासून? सरकारपासून नाही, पाद्र्यापासून! पाद्री येऊन गेला की वडील पाटी बाहेर काढून पुसायचे, उदबत्ती लावायचे.

याचं मूळ तीनशे वर्षांमागच्या भांडणात. रिचींचं म्हणणं, पूर्वजांपुढे वाकणं ही पूजा नव्हे, तो थोरांचा मान. आपल्याला हे कोणी समजावून सांगायला नको, बापाच्या फोटोला हार घालणारी माणसं आपण. पण दुसऱ्या पंथाच्या पाद्र्यांना ती मूर्तिपूजाच वाटली आणि तक्रारी रोमला गेल्या. १६९२ मध्ये खांगशी बादशहाने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती. विरोधी गटाचे मेग्रो नावाचे पाद्री पुढे त्याच्यासमोर उभे राहिले, तेव्हा सिंहासनावरच्या चार अक्षरांपैकी त्यांना एकच वाचता आलं म्हणतात. ज्याला अक्षर वाचता येत नाही तो आमच्या चालीरीतींचा निवाडा करणार? बादशहा भडकला नसता तरच नवल. तरी १७१५ मध्ये पोपने या विधींवर पक्की बंदी घातली, आणि १७२४ मध्ये पुढच्या बादशहाने ख्रिस्ती धर्मावरच. रोमने आपली बंदी मागे घेतली ती १९३९ मध्ये. आजी तेव्हा सात वर्षांची. रांजणातली पाटी मात्र त्यानंतरही काही वर्षं रांजणातच राहिली, कारण गावात ही बातमी धड कोणी सांगितलीच नाही.

मग माओचं राज्य आलं. व्हॅटिकनचा दूत १९५१ मध्ये हाकलला गेला, दूतावास तैवानला गेला, तो आजही तैपेईतच आहे. १९५७ मध्ये सरकारच्या देखरेखीखाली कॅथलिकांची 'देशभक्त' संघटना निघाली, आणि बिशप कोणी नेमायचा यावरून चर्च दुभंगलं. काही नोंदणीकृत चर्चमध्ये गेले, काही घरात दार लावून मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) करू लागले. आजी दुसऱ्यांतली. ज्यांनी तिला पाटी लपवायला लावली, त्याच रोमसाठी तिने साठ वर्षं दार लावून प्रार्थना केली. मला हे कोडं सुटलेलं नाही.

२२ सप्टेंबर २०१८ ला पोप आणि बीजिंग यांच्यात बिशपांच्या नेमणुकीचा करार झाला. मजकूर गुप्त. रोमच्या संमतीशिवाय बिशप झालेल्या सात जणांना पोप फ्रान्सिस यांनी माफ करून पदरात घेतलं. तरी २०२३ मध्ये बीजिंगने शांघायला परस्पर बिशप पाठवला आणि तीन महिन्यांनी पोपनी त्याला मान्यता देऊन टाकली. २०२४ मध्ये करार आणखी चार वर्षांसाठी वाढला. माझं मत विचाराल तर रोमने यात फार सोसलं आहे, पण सोसलं नसतं तर काय हाती आलं असतं, हेही मला सांगता येत नाही.

कराराची बातमी आली त्या आठवड्यात बाई गावी जाऊन आल्या. मी विचारलं, आजी आता नोंदणीच्या चर्चमध्ये जाणार का?

"मी सांगितलं तिला, पोपनीच परवानगी दिली म्हणून. ती म्हणाली, लेखी दाखव."