पिकअपचा पंप: गाडीचं नाव नको, प्लेट दाखव

मे महिन्यापासून आमच्या पिकअपला एक खोड लागली होती. पहाटे काटोलहून निघताना अर्ध्या सेल्फमध्ये सुरू. नागपूरच्या कळमना बाजारात माल उतरवून, चहा पिऊन परत आलो की मात्र बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारा, ढिम्म. दोन तास उभी ठेवली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. मग नेहमीचा खर्च झाला: बॅटरी, सेल्फ, डिझेल फिल्टर. इंजिनला दाबाने डिझेल पाठवणाऱ्या पंपाच्या इनलेटला पारदर्शक नळी जोडून पाहिली, तिच्यात एक बुडबुडा नाही, म्हणजे हवाही धरत नव्हती.

शेवटी एका दुपारी, पारा ४५ च्या वर असताना, काकांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, कॅनच्या पाण्यात भिजवून पिळला आणि पंपावर गुंडाळला. दहा मिनिटांनी दुसऱ्याच सेल्फला गाडी सुरू. काका एवढंच म्हणाले, "पंप गेला राजा."

ज्यांच्याकडे रोटरी पंप आहे (बॉशचा व्हीई त्यातलाच, आमचाही तोच) त्यांनी हा दुपट्टा लक्षात ठेवा. व्हीई पंपात चारही सिलिंडरांना डिझेल पाठवणारा प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा, एकच असतो. कॅम प्लेट रोलरवरून फिरते, तसा तो फिरतोही आणि पुढे-मागे सरकतोही. तो ज्यात फिरतो ते हेड आणि प्लंजर यांच्यातली फट इतकी बारीक की तिथे वेगळं सील नसतंच, डिझेलची पातळ फिल्म हेच सील. जोडी झिजली तरी थंड, घट्ट डिझेल काम भागवतं. गरम होऊन पातळ झालं की सेल्फच्या मंद वेगात ते फटीतूनच निसटतं, इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडण्याइतका दाब बनत नाही. पंप थंड केला की सुरू होते ती याचमुळे. फक्त तापलेल्या पंपावर बादलीभर गार पाणी ओतू नका. हेड आणि प्लंजर सारख्या वेगाने आकसत नाहीत, जाम होऊ शकतात. ओलं फडकं पुरे.

पंप उतरवून नागपूरजवळच्या वाडीला नेला. मिस्त्रीने हेड काढलं, प्लंजर उजेडात धरून माझ्या हातात दिला. चकचकीत पृष्ठभागावर तपकिरी ठिपके आणि त्यांच्या खाली नखाला जाणवेल अशी उभी रेघ. पाणी. २०२० च्या १ एप्रिलपासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, सल्फर १० पीपीएमवर उतरलं, त्याबरोबर डिझेलचं वंगणही गेलं, तेव्हापासून जुने पंप जातात असं प्रत्येक पानटपरीवर ऐकायला मिळतं. मीही तेच बोलून बसलो. मिस्त्री हसला. "सल्फरनं गंज चढते का भाऊ? टाकी कुठून भरता ते सांगा." शेतावरच्या ड्रममधून. त्या ड्रमचं झाकण पावसाळ्यात कधी नीट बसत नाही आणि फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू मी दोन वर्षांत फिरवलेला नाही. हा पंप डिझेलवरच वंगण घेतो, इंजिन ऑइल त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिथे पाणी गेलं की संपलं.

आता खरा प्रश्न, दुसरा पंप कोणता. नव्या पंपाचा भाव ऐकला आणि विषय बंद केला, तेवढ्यात आमच्या गाडीची अर्धी किंमत निघते. माझ्या पंपात नवं हेड टाकता आलं असतं, पण कॅम प्लेटवरही खड्डे निघाले, रोलर घासलेले, आणि बेरीज करता करता आकडा रीकंडिशन्ड पंपाच्या वर गेला. मग मी आपला भंगारकडे वळलो. आमच्याच मॉडेलची अपघातातली गाडी सापडली, पंप साडेचार हजार. दिसायला जुळा भाऊ, फ्लॅंजचे बोल्टही तेच. पैसे देणार तेवढ्यात मिस्त्रीला फोन केला.

"गाडीचं नाव मले नका सांगू भाऊ. प्लेट वाचून दाखवा."

पंपाच्या अंगावरची ती पत्र्याची पट्टी मी आजवर नीट वाचली नव्हती. माझ्या पंपावर व्हीई ४/९ एफ २१०० आर. चार सिलिंडर, ९ मिमी प्लंजर, एफ म्हणजे वजनांवर चालणारा, इंजिनचा वेग आवरणारा मेकॅनिकल गव्हर्नर, २१०० हा पंपाचा फेरे प्रति मिनिट वेग, आणि आर म्हणजे ड्राइव्हकडून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने. फोर-स्ट्रोकमध्ये पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून २१०० म्हणजे इंजिनचे ४२००. भंगारातल्या पंपावर होतं ४/१० एफ १९०० एल. एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षांत इंजिन बदललं होतं, किंवा आधीच्या मालकाने जे मिळालं ते बसवलं होतं.

१० मिमी प्लंजर म्हणजे तेवढ्याच स्ट्रोकला सुमारे २३ टक्के जास्त डिझेल. फुल लोड स्क्रू मागे घेऊन ते कमी करता येतं, पण मग डिझेल कमी वेळात जातं आणि टायमिंगचं गणित बिघडतं. १९०० चा गव्हर्नर ३८०० लाच गळा धरणार. आणि एल तर सरळ नापास. आतला व्हेन पंप एकाच दिशेने ओढतो, उलटा फिरला तर आतला दाब बनतच नाही, आणि त्याच दाबावर ॲडव्हान्सचा, म्हणजे वेग वाढला की डिझेल थोडं आधी सोडायला लावणारा पिस्टन चालतो. साडेचार हजार वाचले.

ज्यांच्या पंपावर लांब नंबर शिल्लक आहे त्यांनी तोही पाहावा. बॉशच्या ०४६० ने सुरू होणाऱ्या नंबरात पुढे ४९४ असेल तर ९ मिमी आणि चार सिलिंडर, ४८४ म्हणजे ८ मिमी, ४०४ म्हणजे १०, ४२६ दिसलं तर तो १२ मिमीचा सहा सिलिंडरी. माझ्या जुन्या पंपावर मायकोचा शिक्का आहे. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण वाडीत अजून कोणी तसं म्हणत नाही.

शेवटी जुना पंप देऊन रीकंडिशन्ड घेतला, प्लेट अक्षरन् अक्षर जुळणारी, साडेतेरा हजार. दोन गोष्टी दुकानातच पाहून घेतल्या. एक, वरचा, डिझेल चालू-बंद करणारा सोलेनॉइड १२ व्होल्टचा आहे ना. ट्रकवरून आलेल्या पंपावर २४ चा असतो, तो आपल्या बॅटरीवर स्वतःचा छोटा प्लंजर उचलायला कुरकुरतो. बदलता येतो, पण आधी कळलेलं बरं. दोन, पंप माझ्यासमोर टेस्ट बेंचवर चढवायला लावला. चार काचेच्या नळ्यांत कॅलिब्रेशन ऑइल चढत जाताना बघणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सुखाचा क्षण. नुसता एकूण आकडा पाहू नका, चारही नळ्यांची पातळी एकमेकींशी ताडून बघा. आमची तिसरी नळी थोडी मागे होती. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलल्यावर रांगेत आली. टेस्टचा कागद मागितला तर दुकानदार जरा नाराज झाला, पण दिला.

रविवारी बसवला. जुन्या खुणेला खूण लावली, फिल्टरवरचा हातपंप मारला, नोझलकडचे नट ढिले करून डिझेल येईपर्यंत सेल्फ मारला, नट कसले. सुरू झाली. अर्ध्या मिनिटात गुदमरून बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. ॲक्सिलेटर दिला तर पांढरा धूर. पिकअपला पिकअपच नाही. काका झाडाखाली खाटेवर बसून बघत होते, बोलले काहीच नाहीत. ते जास्त लागलं.

तासभर नट कसून-ढिले करून झाल्यावर बोल्टकडे लक्ष गेलं. पंपाला डिझेल आत येण्याचा आणि जास्तीचं परत जाण्याचा असे दोन बॅंजो बोल्ट, म्हणजे आतून पोकळ बोल्ट, असतात, बाहेरून अगदी सारखे. परतीच्या बोल्टच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'आउट' कोरलेलं असतं आणि त्याच्या आत सुई जाईल न जाईल एवढंच भोक असतं, आतला दाब टिकावा म्हणून. मी तो आत येण्याच्या जागी कसला होता. म्हणजे पंपाला डिझेल मिळत होतं सुईच्या भोकातून, आणि आतला दाब दुसऱ्या बाजूने मोकळा पळत होता. बोल्ट अदलाबदल, हवा काढली, पहिल्याच सेल्फला सुरू. काका उठले आणि आंघोळीला गेले.

परवा भर दुपारी कळमन्याला मुद्दाम तासभर उभी करून पाहिली, गरम इंजिन, दुपट्टा कोरडा. लगेच सुरू. ड्रम आता शेडमध्ये घेतलाय आणि फिल्टरखाली काचेची बाटली धरून पाणी काढलं तर अर्धा कप निघालं.

टायमिंग अजून खुणेवरच आहे. मागचा मधला बोल्ट काढून, तिथे डायल गेज बसवून, पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सगळ्यात वर असताना पंपाचा प्लंजर किती उचलतो ते मोजायचं बाकी आहे. इंजिन थंड असताना जरा ठोकते, म्हणजे बहुतेक थोडं ॲडव्हान्स आहे. गेज हिंगण्याच्या एका मित्राकडून पुढच्या रविवारी मिळणार.