थंडीत अडणारा टीव्ही

रविवार, रात्री साडेदहा

बाबांचा टीव्ही आज सुरू झाला. दुसरं काही लिहायच्या आधी हेच लिहावंसं वाटलं.

बत्तीस इंची एलसीडी, २०१० साली घेतलेला. २ एप्रिल २०११ला वानखेडेवरची फायनल बघायला अर्धी इमारत आमच्या हॉलमध्ये होती. आई नेमकी चहा गाळत होती आणि धोनीचा षटकार तिचा हुकला. पुढे कितीतरी दिवस हळहळायची. आता आई नाही. 'नवीन घ्या, हल्ली स्वस्त मिळतात' असं कोणी म्हटलं की बाबा नुसते गप्प होतात.

मंगळवारी टीव्ही लागलाच नाही. लाल दिवा लुकलुकायचा, आतून टक-टक व्हायचं, पुन्हा शांत. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकणही न उघडता 'बोर्ड गेलं' म्हणून सांगितलं. मला ते पटेना. सगळंच गेलं असतं तर लाल दिवा कशाला लागला असता? टक-टक हा रिलेचा, म्हणजे आतल्या आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचचा आवाज. म्हणजे सेट उठू बघतोय, पण पॉवर सप्लायला तेवढा जोर नाही.

तेव्हा बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, नोंद ठेवायची सवय सुटलेली नाही. बटण दाबल्यापासून चित्र यायला किती मिनिटं लागली, ते रोजच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेलं. नोव्हेंबरात १, २, २, ५. डिसेंबरात १५. गेल्या आठवड्यातल्या गारठ्यात ४०. "थंडीत त्याला जड जातं गं," असं ते महिनाभर म्हणत होते आणि मी मनावर घेतलं नव्हतं. त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. पॉवर सप्लायमध्ये वीज साठवणारे छोटे भाग असतात, कपॅसिटर; त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातो, तसा आतला रोध वाढतो. गारठ्यात तो आणखी वाढतो, जरा ऊब आली की उतरतो. म्हणून तर अर्ध्या-पाऊण तासाने का होईना, टीव्ही लागत होता.

काल झाकण उघडलं. प्लग काढला तरी लगेच आत हात घालायचा नसतो. आपली २३० व्होल्टची वीज डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठलेली असते, आणि ती जीव घेऊ शकते. बल्ब लावलेल्या होल्डरच्या दोन वायरी त्याला लावून ती उतरवली. मीटरवर आकडा शून्यापाशी आल्यावरच पुढचं काम.

दुखणं डोळ्यांना दिसत होतं. १००० मायक्रोफॅरड (वीज साठवायच्या क्षमतेचं माप), १० व्होल्टचे दोन कपॅसिटर पुरीसारखे फुगलेले. शेजारचे सपाट. संध्याकाळी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेले. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट कमी चालत नाहीत, जास्त चालतात. म्हणून १६ व्होल्टचे मागितले. दुकानदारकाकांनी आपणहून बजावलं, "ताई, १०५ डिग्रीपर्यंतची उष्णता सोसणारेच न्या. ८५चे टिकणार नाहीत." दोन्ही मिळून तीस रुपये.

आज दुपारी बाबांनी टॉर्च धरला, मी सोल्डरिंगचे जुने डाग काढले. नव्याची पांढऱ्या पट्टीची बाजू ऋण. ती उलटी बसली तर कपॅसिटर फुटतो, म्हणून दोघांनी दोनदोनदा पाहिलं. बाबांचा हात आता थरथरतो, पण डाग देत होते तेवढा वेळ उजेड जरासुद्धा हलला नाही.

बटण बाबांनीच दाबलं. एकदा टक झालं आणि बातम्यांचा आवाज आला. मागोमाग चित्र.

बाबा बराच वेळ उभेच होते. मग पेन्सिल शोधून आजच्या चौकटीत काहीतरी लिहिलं. ते झोपल्यावर मी जाऊन पाहिलं. ६ सेकंद, आणि त्याखाली बारीक अक्षरात आईचं नाव.