फियाट आणि फ्रिजवरचा गणपती
ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं आणि मागे आंब्याखाली अठरा वर्षं पडून असलेल्या काकांच्या फियाटला नोटीस आली. महिनाअखेर हलवा, नाहीतर भंगारात. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १९७८ ची. पण पद्मिनी म्हणजे टॅक्सी. आमची ती फियाट.

ताडपत्री ओढली तर चारही टायर बसलेले, मागच्या सीटवर मांजरीचा संसार. तरी मी विरघळलो. स्टिअरिंगलगतचा तो गिअर, पुढचं सलग सीट, त्यावर काका, काकू आणि मधे मी.

वागळे इस्टेटहून मिस्त्री आले. साठी उलटलेले, हयात फियाटमध्ये गेलेली. मला वाटलं, आधी बॉनेट उघडतील. त्यांनी पायातलं मॅट उचललं. खाली आंब्याची पानं दिसली. गाडीतली नव्हे, जमिनीवरची.

"इंजिनाचं काय घेऊन बसलात? १०८९ सीसीचं तर आहे. प्लग काढून तेल सोडू, चार दिवसांनी पुलीला पाना लावून फिरवू. नाहीच फिरलं तर दुसरं शोधू. पत्रा बघा, पत्रा!"

या गाडीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालचा पत्रा, खांब हाच सांगाडा. तो सडला की वरचा रंग कितीही चकचकीत असो, उपयोग नाही.

"लोहचुंबक आहे का घरात?"

होता एकच, फ्रिजवरचा गणपती, गणपतीपुळ्याहून आणलेला. दाराला लावला, चिकटला. मडगार्डला लावला, घसरून मिस्त्रींच्या चपलेवर. तिथे पत्रा नव्हताच, बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी होती.

"एवढी कुणी भरली?"

"ह्यांनीच," काकू गॅलरीतून म्हणाल्या. "दर दिवाळीला."

मग मिस्त्रींनी दाराखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला. चिवड्यात चमचा जावा तसा तो आत गेला.

कागदांचं दुखणं निराळंच. आरसी बुक काकांच्या नावावर, काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. म्हणजे आम्हाला २०२८ पर्यंत थांबणं आलं. शिवाय ती पाटी लावून रोज हिंडायची परवानगी नाही, तेव्हा जांभळी नाक्यावरून भाजी आणायचा काकूंचा बेतही बाद.

मिस्त्रींचा आकडा अडीच लाख. भंगारवाल्याचा अठरा हजार. "चालती फियाट याहून स्वस्तात मिळवून देतो," मिस्त्रीच म्हणाले, आणि शहाण्या माणसाने ती घ्यावी हे मलाही पटलं. तेवढ्यात ग्लोव्हबॉक्समधून काकांची पेट्रोलची वही निघाली. प्रत्येक लिटर लिहिलेला. शेवटची नोंद: 'तीन हात नाक्यापासून ढकलत.' त्यापुढे, वेगळ्या शाईत, 'काटा खोटा.'

मी वही काकूंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती पान पान वाचली आणि म्हणाल्या, "पण ढकलत मी होते, हे कुठे लिहिलंय?"

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन. "काय ठरलं मग गाडीचं?"

"शनिवारी पत्रा कापायला माणूस येतोय," मी म्हणालो.

"छान! सुटलात एकदाचे."

कापलेल्या जागी नवा पत्रा बसणार आहे, हे त्यांना शनिवारीच कळलेलं बरं.