प्री-वेडिंगचा ड्रोन आणि एक ग्रेट नॉट

मिठागराच्या बांधावर पक्षी बघायला स्कोप (पक्ष्यांसाठीची दुर्बीण) लावून बसलं की थोड्या वेळाने कोणीतरी येतंच आणि एक वाक्य हमखास बोलतं, "यांना आता माणसांची सवय झालीय हो, घाबरत नाहीत." मॉर्निंग वॉकवाले बोलतात, मोठ्या लेन्सवाले बोलतात, आमच्या नातेवाईकांपैकी जे कधी खाडीकडे फिरकले नाहीत ते पण बोलतात. मी पाणपक्ष्यांच्या एका सर्व्हेवर फील्ड असिस्टंट आहे, ठाणे खाडीच्या भांडुपकडच्या बाजूला. काम म्हणजे पक्षी मोजायचे आणि कोण कशाने दचकलं, किती अंतरावर दचकलं ते लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं, मार्चच्या उन्हात करून बघा.

तर मार्चअखेरचा रविवार, उधाणाची भरती, साडेचार मीटरच्या वर, आणि टाइम साडेबारा-एकचा. मुंबईत उधाणाची भरती भर दुपारीच येते, आमच्या टोपीचा काही विचार करत नाही. ओहोटीला हे सगळे पक्षी खाडीभर चिखलात पसरलेले असतात, पण भरतीने चिखल बुडाला की उभं राहायला जागाच उरत नाही, मग मिठागरात, उथळ पाण्यात, जिथे कोरडा तुकडा मिळेल तिथे दाटीवाटीने येऊन बसतात. एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, दोन-तीन तास. बघणाऱ्याला वाटतं टाइमपास चाललाय. खरं तर बहुतेक खाणं चिखल उघडा असतो तेवढ्यात होतं, बाकीच्या वेळात ते पचवायचं आणि साठवायचं, आणि मार्चमध्ये साठवलेली चरबी म्हणजे सैबेरियाचं तिकीट. विनाकारण एक चक्कर मारायला लावली की त्या तिकिटाचे पैसे खर्च.

त्या दिवशी समोर काळ्या शेपटीचे मालगुजे भरपूर, म्हणजे गॉडविट, पुढे चिखल्यांचा आणि कर्ल्यू सँडपायपर या छोट्या पाणपक्ष्यांचा घोळका, आणि लांब पाण्यात फ्लेमिंगो. कर्ल्यू सँडपायपर आपल्याकडे एवढे दिसतात की कोणी मान वळवून बघत नाही, पण जगभरात कमी होतायत म्हणून 2024 मध्ये आययूसीएनने, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांची जागतिक यादी करणाऱ्या संस्थेने, त्यांना व्हल्नरेबलमध्ये (धोक्याच्या उंबरठ्यावरचे) टाकलं. आणि त्यांच्यामध्येच एक जरा मोठा, जाडसर चोचीचा, छातीवर काळे ठिपके यायला लागलेला. आमच्या सर्व्हेच्या मॅडमनी स्कोपला डोळा लावला आणि नुसतं "ए, इकडे ये" म्हणाल्या. ग्रेट नॉट! आपल्या किनाऱ्यावर थोडेच येतात आणि त्याच जागतिक यादीत हा एनडेंजर्ड आहे, म्हणजे त्याहून जास्त धोक्यात. दक्षिण कोरियात 2006 मध्ये 33 किलोमीटरची भिंत घालून सेमांगमचा चिखल समुद्रापासून तोडला, हे पक्षी प्रवासात तिथेच थांबून खायचे. चीन आणि कोरियाच्या मधल्या पिवळ्या समुद्राच्या काठचा असा बराच चिखल भराव टाकून गेलाय, त्याचा मोठा फटका या पक्ष्याला बसला.

मी डेटाशीटवर त्याचं नाव लिहीत होतो तेवढ्यात मागून हॉर्न. दोन गाड्या, त्यातून एक नवरा-नवरी (होणारे), तिचा लांबलचक लाल गाऊन उचलायला दोन मुली, मेकअपवाली, फोटोग्राफर, आणि ड्रोनवाला पोरगा. दुपारी एक वाजता कोण शूट करतं हे मला अजून कळलेलं नाही, बहुतेक संध्याकाळचं बुकिंग दुसरीकडे होतं. हा बांध अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा, त्यामुळे आमच्या हातात विनंतीशिवाय काही नाही. मी जाऊन बोललो, "दादा, जरा लांबून करा, पक्षी बसलेत." तो म्हणाला, "हो हो सर, फक्त एक टॉप शॉट."

ड्रोन वर गेला आणि पहिल्यांदा झोप गेली. म्हणजे कोणी उडालं नाही, पण पिसांतल्या चोची बाहेर आल्या, दुसरा पाय खाली आला, सगळ्यांच्या माना ताठ. आमच्या शीटमध्ये याचा वेगळा कॉलम आहे, अलर्ट. फ्लेमिंगोंचं तर अजून फसवं असतं. खाताना डोकं उलटं पाण्यात असतं, घाबरले की सगळ्या माना एकदम वर आणि सगळे एकाच दिशेला चालायला लागतात, आणि फोटोत नेमकं तेच सुंदर दिसतं. खाली "शांत गुलाबी सकाळ" असं कॅप्शन येतं. अरे बाबा, ते पळायच्या तयारीत आहेत.

मग ड्रोन थोडा खाली आला. वरून येणारी वस्तू म्हणजे यांच्यासाठी भोवत्या किंवा गरुड, तिथे डोकं चालवायला वेळ नसतो. गॉडविट शंभरेक मीटरवरूनच उठले, बाकीचे मागोमाग, पूर्ण थवा खाडीवर गोल फिरून परत आला. बसतायत तोवर दुसरा टेक. परत सगळे हवेत. तिसऱ्या वेळी गॉडविट गेले ते गेलेच, कुठे बसले दिसलं नाही. पण या तिसऱ्या वेळी ग्रेट नॉट आणि दहा-बारा कर्ल्यू सँडपायपर उडालेच नाहीत. ड्रोन जवळजवळ डोक्यावर, अंतर तीसेक मीटर, आणि हे नुसते चिखलाला चिकटून बसल्यासारखे.

ड्रोनवाला खूश. "बघा सर, तो घाबरत नाही. सवय झालीय."

मॅडमनी त्याला काही न बोलता स्कोपजवळ बोलावलं. त्याने डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हा तर साधाच आहे." मला हसायला आलं, खरं सांगतो. मॅडम म्हणाल्या, "त्याचं पोट बघ. मागच्या बाजूला, पाय आणि शेपटीच्या मधे." मार्चअखेर निघायच्या तयारीतल्या पक्ष्याचं पोट तिथे फुगीर दिसतं, चरबी साठलेली असते. याचं पार सपाट होतं. ग्रेट नॉट हजारो किलोमीटर न थांबता उडतो, त्या प्रवासात आतले अवयवसुद्धा आकसतात, त्याचा अभ्यास झालेला आहे. अशा पक्ष्याकडे तीन-तीन चकरांना द्यायला शिल्लक काहीच नव्हतं, म्हणून तो बसून राहिला, असं मॅडमचं म्हणणं. मला पण ते पटतं. खात्री कोणालाच नाही, हातात धरून वजन केल्याशिवाय कळत नाही.

यावर एक मस्त प्रयोग आहे, ब्रिटनमध्ये केलेला, 2004 मध्ये छापून आला. टर्नस्टोन नावाच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना काही दिवस जास्तीचं खायला घातलं आणि मग माणूस जवळ चालत गेला. खाऊन टुणटुणीत झालेले पक्षी लांबूनच उडाले, ज्यांना जास्तीचं मिळालं नव्हतं त्यांनी माणसाला जास्त जवळ येऊ दिलं. म्हणजे जवळ जाता आलं तर पक्षी निवांत आहे असं धरून चालणं चुकीचं. कदाचित त्याला उडणं परवडतच नाही, किंवा उडून जायला दुसरी जागाच नाही, आणि मुंबईत भरतीला कोरडी राहणारी जागा किती उरलीय ते आपण बघतोच.

सवय अजिबात होत नाही असं पण नाही हां. तिथले मासेमारी करणारे काका रोज होडी घेऊन जातात, एकाच रस्त्याने, न थांबता, आणि पक्षी मान वर करून परत खायला लागतात. काका म्हणतात, "आमची होडी त्यांना पाठ झालीय, तुम्ही थांबता नि टक लावता, म्हणून जातात." बरोबर आहे त्यांचं. सरळ पक्ष्याच्या दिशेने चालत येणं, थांबणं, रोखून बघणं, हे सगळं शिकारी करतो तसंच असतं.

त्या दिवसानंतर आम्ही शीटमध्ये "उडाला नाही" याला वेगळा कोड दिला, आणि त्यापुढे पोटाचा अंदाज लिहायला लागलो. आधी तो रिकामा चौकोन असायचा आणि अहवालात "परिणाम नाही" म्हणून मोजला जायचा.

ड्रोनवाल्या पोराने जाताना विचारलं, "मग फ्लेमिंगो उडतानाचा शॉट घ्यायचाच नाही का कधी?" घ्या ना, पण ओहोटी लागली की ते आपणहून उडून चिखलावर जातात, तेव्हा कांदळवनाच्या आडोशाला आधीच येऊन बसायचं, ड्रोन बॅगेतच ठेवायचा. त्याने नंबर दिला. मी रात्री भरती-ओहोटीचं टाइमटेबल पाठवलं. ब्लू टिक आली, रिप्लाय अजून नाही.